सोन्याच्या टोपीखालचें दुखणें

दांताच्या मुळाशीं जुनी सूज वर्षानुवर्षें मुकाट्यानें नांदत असते. धन्याला तिची वार्ताहि नसते. मग जंतूंचें बळ वाढलें किंवा देहाचें घटलें, कीं एखाद्या रात्रीं ती उसळते. हाडाच्या बंद पोकळींत पू सांचतो, त्याला वाट मिळत नाहीं, आणि मस्तक भणाणून जातें. तेथें लवंगेच्या तेलाचें कांहीं चालत नाहीं, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल.

या एवढ्याशा दुखण्यानें एके काळीं पाश्चात्य वैद्यकाला भलत्याच वाटेला लावलें होतें. १९१० च्या ऑक्टोबरांत लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनीं कॅनडांत, मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठांत व्याख्यान दिलें. कुजक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढविणाऱ्या दंतवैद्यांना त्यांनीं धारेवर धरलें. त्या टोप्या त्यांना पुवावर बांधलेल्या समाध्याच वाटल्या. तक्रार खोटी नव्हती. पण पुढें लोकांनीं तिचा अर्थ ताणला. संधिवात घ्या, मूत्रपिंडाचा विकार घ्या, सर्वांचें बीज दांतांत. तेव्हां उपटा दांत! शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनीं या मताला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. न्यू जर्सी प्रांतांतील ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनीं तर वेड घालविण्यासाठीं रोग्यांचे दांत सर्रास काढले, आणि तेवढ्यानें गुण येईना तेव्हां आंतड्यांवरहि शस्त्र चालविलें. कित्येक त्यांत दगावले. त्या इमारतींत शहाणे कोण व वेडे कोण, हें ठरविणें कठीणच होतें.

१९३८ सालीं सेसिल व अँजेव्हाइन या डॉक्टरांनीं संधिवाताच्या २०० रोग्यांचा हिशेब मांडला. दांत काढलेल्या ५२ जणांपैकीं ४७ जणांना कांहींच उतार पडला नव्हता. सेसिल हे पूर्वीं याच मताचे पुरस्कर्ते होते. म्हणून त्यांच्या कबुलीचें मोल मला अधिक वाटतें.

खरा अपराधी १९६५ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगांत स्पष्ट दिसला. जंतुरहित वातावरणांत वाढविलेल्या उंदरांच्या दांतांचा गर उघडा केला, तरी तो भरून आला. साध्या उंदरांचा मात्र कुजला. म्हणजे दांत निर्दोष होता. म्हणून आज दुखणें उसळलें कीं दांताला छिद्र पाडून पुवाला वाट देतात, मुळाची नळी खरडून धुतात आणि मग भरून बंद करतात. नुसत्या जंतुनाशक गोळ्या पुरत नाहींत. मेलेल्या नळींत रक्त जात नाहीं, मग औषध कोठून जाणार? ताप आला किंवा सूज पसरूं लागली, तर त्या जोडीला द्याव्या लागतात. सूज गळ्याकडे उतरून गिळण्यास वा श्वासास अडथळा होऊं लागला, तर मात्र सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

वेदना बहुधा लौकरच शमते. हाड भरून येण्यास मात्र कित्येक महिने लागतात, आणि क्ष-किरणचित्रांतला तो काळा डाग तोंवर हळूहळू पुसट होत जातो.