‘करणे’ आणि ‘शिकणे’ : मुलांच्या स्वयंपाकाविषयी एक टिपण

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक ओळखीचे सदर हटकून येते : मुलांना घरच्या घरी करता येतील अशा सोप्या पाककृती. भेळ, लिंबाचे सरबत, दहीपोहे, काकडीची कोशिंबीर. शेवटी बहुधा एक सूचना असते, की गॅसजवळ जाताना आईची मदत घ्या. सदर निरुपद्रवी आहे, उपयुक्तही आहे. परंतु भंडारा जिल्ह्यात राहून ते वाचणाऱ्याला एक अडचण पडते. सुट्ट्या संपतात, शाळा उघडते, पाऊस लागतो आणि धानाच्या रोवण्या सुरू होतात. आईबाप सकाळीच बांधीत उतरतात. त्या दिवसांत दहा-बारा वर्षांची मुलगी भात रांधते, वरण शिजवते, लहान भावंडांना जेवू घालते आणि मग शाळेत येते. कधी येतही नाही. तिच्याविषयी ‘ती स्वयंपाक शिकते आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘स्वयंपाक ती करते’, एवढेच म्हणतात. तिच्याच भावाने एखादे दिवशी चहा केला, तर तो मात्र ‘शिकतो’.

या दोन क्रियापदांमधील अंतर हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. मूल स्वयंपाक केव्हा ‘करते’ आणि केव्हा ‘शिकते’, हे आपल्याकडे कसे ठरत गेले, याचा शोध आपल्याच पुस्तकांतून थोडाफार घेता येतो.

छापील पाककृती येण्यापूर्वी स्वयंपाक शिकवण्याची रीत तोंडी आणि हाताची होती. भातात पाणी किती घालायचे याचे उत्तर आमच्या घरी ‘पेरभर’ असे मिळे. तांदळावर तर्जनी टेकवायची आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत आणायचे. माझी आजी हे माझ्या बहिणीला शिकवताना सांगत असे, की तुझे बोट लहान आहे, पाणी जरा वर येऊ दे. तांदूळ नवा असेल तर मात्र खालीच राहू दे. एका वाक्यात तिने माप सांगितले, त्या मापाला अपवाद सांगितला आणि तांदळाची पारखही सांगितली. लिहून काढायचे ठरवले तर याला अर्धे पान लागेल. मी त्याच चुलीजवळ बसून हे सगळे ऐकत होतो. माझे बोट मात्र कोणी तांदळावर टेकवले नाही.

या शिक्षणाला खेळाची जोड होती. भातुकलीत मुली लहानग्या भांड्यांत लटका भात शिजवीत. विदर्भातील भुलाबाईच्या दिवसांत घरोघरी गाणी झाल्यावर झाकलेली खिरापत ओळखायची असे, आणि ती सहजासहजी ओळखता येऊ नये म्हणून घरातील बायकामुलींचे डोके चाले. परंतु हा खेळ फार काळ खेळ राहत नसे. एकोणिसाव्या शतकात मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई आणि भातुकली संपण्याच्या आतच सासरची चूल समोर येई. रमाबाई रानडे यांचे लग्न 1873 साली झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचताना ध्यानात येते, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांच्या लिहिण्या-वाचण्यावर होता. वाचन हे ‘शिकणे’ होते, म्हणून ते डोळ्यांवर येत होते. स्वयंपाकघरातील काम शिक्षणात मोजलेच जात नव्हते. ते येणारच, असे गृहीत होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त माहेरच्या कडक सोवळ्याचे वर्णन आहे. ते विनोदी आहे, पण त्या विनोदामागे एक लहान मुलगी आहे आणि वडीलधाऱ्यांच्या नियमांचा भार तिच्याही वाट्याला आलेला आहे.

मग पाककृती लिहून कोणासाठी काढल्या गेल्या? मराठीतील पहिले छापील पाककृतींचे पुस्तक म्हणून रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’चा (1875) उल्लेख होतो. चुलीजवळचे ज्ञान येथे प्रथमच ‘शास्त्र’ या नावाने छापून आले, आणि त्याचा कर्ता पुरुष होता. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झाले. रमाबाईंच्या आठवणीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाल्या, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. एका पुस्तकात स्त्रीने वाचनासाठी काय सोसले ते आहे. दुसऱ्या पुस्तकाला वाचणारी स्त्री मिळेल याची खात्री आहे. नावातच ‘मित्र’ आहे. जवळ सासू किंवा आई नसेल, तेव्हा तिची जागा घेणारा हा छापील सोबती. नोकरीनिमित्त मुंबईसारख्या शहरात बिऱ्हाड केलेल्या जोडप्यांची संख्या वाढत होती, हे लक्षात घेतले म्हणजे अशा मित्राची गरज कळते.

साठ वर्षांनी, 1970 साली, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. या पुस्तकाच्या यशामागील एक कारण साधे आहे : वाटी आणि चमचा हे त्याचे माप. शेर-तोळ्यांची जुनी मापे सुटली होती, वजनकाटा प्रत्येक घरी नव्हता. वाटी मात्र प्रत्येक घरात होती. पेर माणसाच्या बोटाला चिकटलेले असते, वाटी कोणाच्याही हाती देता येते. अनुभव नसलेल्यालाही स्वयंपाक जमावा, ही शक्यता या मापाने निर्माण केली. लग्न ठरलेल्या किती मुलींना हे पुस्तक भेट म्हणून मिळाले असेल! येथेच आपला प्रश्न पुन्हा उभा राहतो. ‘सूपशास्त्रा’पासून ‘रुचिरा’पर्यंतचा वाचक बहुतांशी प्रौढ किंवा प्रौढत्वाच्या उंबरठ्यावरचा आहे आणि तो स्त्रीलिंगी आहे. मूल त्यात नाही. क्रियापदांची रूपे पाहिली तरी हे जाणवते. जुनी पाककृती विध्यर्थात बोलते : घ्यावे, चिरावे, परतावे. तो कर्तव्य सांगणारा स्वर आहे. मुलांच्या सदरांत विध्यर्थ जाऊन आज्ञार्थ येतो, तोही लाडिक : चला, आता लिंबू पिळा! हा बदल केवळ शैलीचा नाही. कर्तव्याच्या जागी हौस आल्याची ती खूण आहे.

मूल स्वयंपाकाचे विद्यार्थी म्हणून, विशेषतः मुलगा विद्यार्थी म्हणून, आपल्याकडे प्रथम घराबाहेर दिसू लागले. बेडन-पॉवेल यांच्या 1908च्या ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’मध्ये छावणीतला स्वयंपाक हा मुलग्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. ही चळवळ भारतात रुजली. आपल्या शाळांमध्ये स्काऊट-गाईडची मुले ‘खरी कमाई’च्या नावाखाली भेळ आणि भजी विकतात, त्यामागे ही परंपरा आहे. मात्र छावणीतला स्वयंपाक हा स्वावलंबनाचा धडा होता. छावणी उठली की मुलगा घरी जाई आणि घरचे ताट आयते समोर येई.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये प्रश्न घराच्या आत येतो. ‘पत्रावळ’ या प्रकरणात श्यामला पत्रावळ लावायला शिकावे लागते. ‘अळणी भाजी’त आई मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता भाजी वाखाणून जेवतात आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. हे प्रकरण आपण संयमाचा संस्कार म्हणून शिकवतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रांधणारी सर्वांच्या शेवटी जेवते, म्हणूनच चूक तिला शेवटी कळते. श्याम खाणाऱ्याची सभ्यता शिकतो, पत्रावळ लावायलाही शिकतो. परंतु या प्रकरणात चुलीपुढची जागा आईचीच राहते. साने गुरुजींइतका मातृहृदयी लेखकही येथे थांबतो, यावरून ती रेघ किती पक्की होती याची कल्पना येते.

ती रेघ ओलांडण्याचा प्रयत्न आमच्या भंडाऱ्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात झाला. ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि पुढे आशादेवी व आर्यनायकम या दांपत्याने सेवाग्रामला नई तालीमची शाळा उभी केली. तेथे सामुदायिक स्वयंपाकघर हा शाळेचाच भाग होता. मुले-मुली पाळीपाळीने धान्य निवडीत, भाजी चिरीत, रांधीत, वाढीत आणि खर्चाचा हिशेबही ठेवीत. त्यातून गणित येई, आहारशास्त्र येई आणि कोणतेही काम हलके नाही हेही येई. अर्थात या योजनेतही एक जुनी सवय शिल्लक होती. समितीच्या अभ्यासक्रमात वरच्या इयत्तांतील मुलींना मूळ उद्योगाऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा होती. मुलग्यांसाठी तशी सोय सुचवलेली नव्हती. तरीही स्वयंपाकाला ‘शिकण्या’चा दर्जा देऊन तो मुलग्यांच्याही पाळीत घालणे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. 2005 साली सेवाग्रामात ‘आनंद निकेतन’ या नावाने शाळा पुन्हा सुरू झाली आणि स्वयंपाक तेथील शिक्षणात परत आला.

बाकीच्या शाळांत मात्र गृहशास्त्र हा दीर्घकाळ मुलींचा विषय राहिला. 1960च्या दशकात हंसा मेहता समितीने मुलामुलींच्या अभ्यासक्रमात लिंगावरून भेद नसावा, असे सांगितले. पाठोपाठ कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभवाचा आग्रह धरला. आज जिल्हा परिषदेच्या शाळांतील बाल आनंद मेळाव्यात मुलगेही भेळेचे दुकान मांडतात, हे त्या विचाराचे दूरचे फळ म्हणता येईल. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर वडीलही भाजी निवडताना दाखवले गेले आणि त्याची बातमी झाली. 2024 साली केरळच्या तिसरीच्या पुस्तकात नारळ खवणाऱ्या वडिलांचे चित्र आले, त्याचीही बातमी झाली. बातमी व्हावी लागते, यातच सर्व आले.

आता पुन्हा रोवणीच्या दिवसांकडे येतो. काही वर्षांपूर्वी उपयोजित मराठीच्या तासाला मी बी.ए.च्या वर्गाला एक स्वाध्याय दिला : दहा वर्षांच्या मुलासाठी एक सोपी पाककृती लिहा. मुलग्यांनी पुरवणीतल्यासारखे नीटनेटके लिहिले : साहित्य, कृती, टीप. भंडाऱ्याला खोली करून राहणारे आणि स्वतः रांधून खाणारे काही त्यांत होते. त्यांचे लेखन अधिक अचूक होते. कोणी ‘सांबार’ लिहून खोडले आणि ‘कोथिंबीर’ केले. आमच्याकडचा रोजचा शब्द छापील पाककृतीत चालणार नाही, हे त्यांना कोणी न सांगता कळले होते. एका विद्यार्थिनीने भाताची कृती लिहिली होती. तिचे पहिले वाक्य असे होते : चूल पेटवण्याआधी लहान भावाला खाटेवर बसवावे.

मी प्रथम ते वाक्य विषयाला सोडून आहे, अशी खूण समासात केली होती. वही परत देताना तिला विचारले. ती म्हणाली, “सर, तुम्ही दहा वर्षांच्या मुलासाठी म्हणाले होते. मी दहा वर्षांची होती तेव्हा हेच पहिले करावे लागे.” मी ती खूण खोडली. वर्गातील सर्व कृतींमध्ये दहा वर्षांच्या वाचकाचा खरा विचार तिनेच केला होता.

तिच्यासारख्या मुलींच्या कामाला आपण ‘मदत’ म्हणतो. कायदाही तसेच म्हणतो. बालकामगारविषयक कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. परंतु शाळेची वेळ सोडून कुटुंबाला मदत करण्यास मोकळीक राहिली. रोवणीच्या दिवसांत ‘शाळेची वेळ’ आणि ‘मदतीची वेळ’ यांच्यामध्ये भिंत नसते, हे हजेरीपट हाती धरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. मूल स्वयंपाक करते याला माझा आक्षेप नाही. सेवाग्रामची मुलेही करीत होती. फरक असा, की त्यांच्या स्वयंपाकाला पाळी होती आणि पाळी संपली की सुट्टी होती. त्या कामातून त्यांना काय आले, हे कोणी तरी विचारत होते. आमच्या विद्यार्थिनीला हे कोणी विचारले नव्हते. तिला भात, वरण, तांदळाचे आयते, सारे येत होते, परंतु ‘तुला काय काय येते’ या प्रश्नाला तिने यातले काहीच सांगितले नसते.

तेव्हा मुलांसाठी सोप्या पाककृती जरूर छापाव्यात. त्या मुलग्यांच्या हाती आवर्जून द्याव्यात, कारण पेर टेकवण्याची त्यांची पाळी अजून यायची आहे. मात्र त्या छापताना एवढे ध्यानात असू द्यावे, की काही वाचक त्या पाककृती आधीच रोज करीत आहेत आणि त्यांना कृतीपेक्षा सुट्टीची गरज आहे. त्या विद्यार्थिनीने लिहिलेली कृती मी जपून ठेवली आहे. दरवर्षी हा स्वाध्याय देताना ती वर्गात वाचून दाखवतो आणि मुलग्यांना विचारतो, की तुमच्या घरी खाटेवर बसलेला तो लहान भाऊ कोण होता? बहुतेक वेळा वर्ग हसतो. मग एखादा हात वर येतो.