बंड कुणाचं?

जांब समर्थ म्हटलं की बहुतेकांना एकच शब्द आठवतो, 'सावधान'. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव समर्थ रामदासांचं जन्मस्थान. १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाईंच्या पोटी नारायण जन्मला, बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा राहिला, आणि भटजींच्या तोंडून 'सावधान' ऐकताच मंडपातून पळाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

या पळण्याला आपण वैराग्य म्हणतो. बंड म्हणत नाही. आणि अंतरपाटाच्या पलीकडे उभी असलेली मुलगी? तिचं नाव तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हे समर्थांना नावं ठेवण्यासाठी लिहीत नाहीये. मिरजेच्या वेणाबाईंना, एका बालविधवेला, त्यांनी उभं राहून कीर्तन करायची मोकळीक दिली आणि मठाचा कारभार सोपवला. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. मला फक्त एवढंच म्हणायचंय की घर सोडून जाणाऱ्या पुरुषासाठी आपल्या भाषेत एक शब्द आहे आणि बाईसाठी दुसराच आहे. हा दुसरा शब्द एका बाईने उचलून पुरुषांच्या पदरात घातला, त्याची ही गोष्ट.

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'बायकांचं बंड' रंगभूमीवर आलं. खाडिलकर म्हणजे टिळकांचे 'केसरी'तले सहकारी आणि 'कीचकवध'चे कर्ते. ज्या 'कीचकवधा'त लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि सरकारने १९१० मध्ये ज्यावर बंदी घातली, तेच नाटक. 'बायकांचं बंड'ची कथा प्रमिला राणीच्या स्त्रीराज्याची. ती अर्जुनाचा यज्ञाचा घोडा अडवते आणि शेवटी अर्जुनाचीच बायको होते. शिकलेल्या, स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या बायकांची त्यात चांगलीच टिंगल होती. गंमत बघा, परक्या सरकारविरुद्धचं बंड ज्या लेखणीला पवित्र वाटत होतं, तिला बायकांचं बंड मात्र हसण्याचा विषय वाटला.

याला उत्तर आलं जळगावहून. गिरिजाबाई केळकर (१८८६ - १९८०) या संसारी बाईने पाच-सहा वर्षांतच नाटक लिहिलं, आणि त्याचं नाव ठेवलं 'पुरुषांचं बंड'.

नुसत्या नावाकडे बघा. अर्धी लढाई त्यातच जिंकलीय. बंड हा शब्द त्यांनी उचलला आणि समोरच्याच्या अंगणात नेऊन ठेवला.

मराठीत नाटक लिहिणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. हिराबाई पेडणेकरांचं 'जयद्रथ विडंबन' १९०४ चं. पण हिराबाई कलावंतीण घराण्यातल्या, आणि समाजाने ते त्यांना कधी विसरू दिलं नाही. गिरिजाबाईंपुढची अडचण वेगळी होती. रंगभूमीवर बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे, घरंदाज बाईने नाटकाच्या वाटेला जायचं नाही, असे ते दिवस. अशा वेळी पांढरपेशा घरातल्या सुनेने नाटककाराला नाटकानेच उत्तर द्यावं, याला धाडसच लागतं.

उत्तर देणाऱ्या बायकांची ही परंपरा जुनी आहे. जालन्याच्या शेजारच्याच बुलढाण्यात ताराबाई शिंदे झाल्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला दोष दिला, तेव्हा चिडून त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, तरी पुस्तक विस्मृतीत गेलं ते थेट १९७५ पर्यंत. स. गं. मालशांनी ते पुन्हा छापलं म्हणून आज आपल्या हाती आहे. तिकडे फ्रान्समध्ये ऑलिंप द गूज ही नाटककार. क्रांतीने मानवाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, त्यात बाई नाही हे पाहून १७९१ मध्ये तिने तो सतरा कलमांनिशी बाईसाठी पुन्हा लिहिला. दोन वर्षांनी, ३ नोव्हेंबर १७९३ ला, तिला गिलोटिनवर चढवलं. कारण तिचं राजकीय लिखाण.

गिरिजाबाईंच्या वाट्याला असं काही आलं नाही. उलट मान मिळाला. १९२८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, त्या जागेवर बसलेली पहिली स्त्री. जळगावात त्यांनी भगिनी मंडळ काढलं. 'आयेषा', 'राजकुंवर', 'हीच मुलीची आई' अशी नाटकं लिहिली.

मग त्यांचं बंड सौम्य होतं का? होतं. 'गृहिणीभूषण', 'स्त्रियांचा स्वर्ग' ही त्यांच्या निबंधांच्या पुस्तकांची नावंच सांगतात की त्यांना घर मोडायचं नव्हतं. पुढे १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने जी खळबळ उडवली, तशी गिरिजाबाईंनी उडवली नाही. आजच्या वाचकाला त्या जुन्या वाटतील, जरा उपदेशकही वाटतील. पण मला वाटतं, घरात राहून घराची किंमत मागणं हेही सोपं नव्हतं. निघून जाणाऱ्याचा निदान जयजयकार तरी होतो. मागे राहून चूल पेटती ठेवणारीने तोंड उघडलं, तर तिला कोण विचारतं?

आज गिरिजाबाई कुठे भेटतात? स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात, 'पहिल्या महिला नाट्यसंमेलनाध्यक्ष' या एका ओळीत. 'कीचकवध' इतिहासात राहिलं, 'पुरुषांचं बंड' एका तळटीपेत गेलं. उत्तर देणाऱ्याचं हे नेहमीचं नशीब. प्रश्न ज्याने विचारला, तोच लक्षात राहतो.

माहेरचं त्यांचं नाव द्रौपदी. १९५९ मध्ये आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला त्यांनी नाव दिलं, 'द्रौपदीची थाळी'. लग्नात गेलेलं नाव उतारवयात मुखपृष्ठावर परत आणलं. महाभारतातल्या द्रौपदीनेही भर सभेत एक प्रश्न विचारला होता आणि भीष्मांसारख्यांनाही त्याचं धड उत्तर देता आलं नव्हतं. गिरिजाबाईंनी थाळीबरोबर तो प्रश्नही आठवला असेल का, कोण जाणे!

असो. जळगावच्या एखाद्या जुन्या वाचनालयात ही पुस्तकं सापडली, तर जरूर वाचा.