गुणगुण आणि भू-तार



लोणंदच्या कांद्याच्या बाजारांतील आडत्याची पेढी असो, कीं तेथल्या एखाद्या शिक्षकाचें घर असो. मेजावरचा संगणक आज दोहोंकडे आढळतो. त्याच्या पंख्याची घरघर कान सहज ओळखतो. धूळ झाडली, कीं ती बहुधा ओसरते. परंतु संगणकास जोडलेल्या ध्वनिवर्धकांतून, कांहीं वाजत नसतांही, जी एकसुरी गुणगुण ऐकूं येते, तिचा वंश जुना आहे.

एकोणिसाव्या शतकांत तारायंत्रास बहुधा एकच तार पुरे होई. प्रवाहाच्या परतीची वाट म्हणून पृथ्वीचाच उपयोग करीत. टेलिफोननेंही आरंभीं हीच रीत उचलली. पण त्याचा कान नाजूक. शेजारच्या तारांतील संदेश त्यांत घुसूं लागले. ग्रॅहॅम बेलनें १८८१ सालीं उपाय सुचविला: परतीसाठीं पृथ्वीऐवजीं दुसरी तार घ्यावी, व दोहोंस पीळ द्यावा. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि परस्पर फिटतो. पुढें विजेच्या ट्रामगाड्या आल्या, तेव्हां दुसऱ्या तारेचा खर्च टाळणें अशक्य झालें.

मग रेडिओ आला. बॅटरीवर चाले तोंवर तो या उपद्रवापासून मुक्त होता. घरच्या विजेवर चालूं लागतांच त्यांत गुणगुण शिरली. आपल्याकडील प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो. मग वीज १९६२ सालीं सुरू झालेल्या सातारा जिल्ह्यांतील कोयनेची असो, वा अन्य कोठली.

संगणक व ध्वनिवर्धक निरनिराळ्या ठिकाणीं भू-तारेस जोडले, म्हणजे ध्वनीच्या तारेमुळें एक वेटोळें पुरें होतें, व त्यांत हाच प्रवाह फिरूं लागतो. परीक्षा सोपी आहे. संगणकाकडून येणारी ध्वनीची तार काढावी. गुणगुण थांबली, तर दोष बहुधा जोडणींत. न थांबली, तर ध्वनिवर्धकांत. जोडणींत असल्यास दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावरून चालवावीं. तेवढ्यानें न भागल्यास ध्वनीच्या तारेंत विलग करणारा ट्रान्सफॉर्मर बसवावा.

कित्येकजण मात्र प्लगची जाड पिनच काढून टाकतात. गुणगुण थांबते खरी. पण बेलनें पृथ्वीला वगळलें तें संदेशाच्या वाटेवरून. ही भू-तार संदेशासाठीं नाहीं, जीवरक्षणासाठीं आहे. यंत्राच्या पत्र्याच्या पेटींत वीज उतरली, तर तिला जमिनींत नेणारी वाट हीच. ती तोडल्यावर, पेटीला हात लावणाऱ्याचा देह हीच विजेची वाट होते. कानाच्या सुखासाठीं एवढें मोल कोणींही देऊं नये.