बासरच्या पुढचे स्टेशन

मराठवाड्यातून बासरला जाणाऱ्या यात्रेकरूंची रीत ठरलेली असते. गोदावरीचे स्नान करावे, सरस्वतीपुढे मुलाच्या हाती पाटी द्यावी आणि आलेल्या वाटेनेच परतावे. गाडी मात्र बासरला थांबत नाही. पूल ओलांडून ती निजामाबादकडे, म्हणजे जुन्या इंदूरकडे जाते. वाटेत जानकमपेट येथे एक फाटा फुटतो आणि बोधन गावी जाऊन संपतो. फाट्याची गाडी नसली तर निजामाबादहून मोटार आहेच.

बोधन तसे प्राचीन नगर. अश्मक जनपदाची राजधानी ती हीच, असे अनेक संशोधक मानतात. परंतु विसाव्या शतकात या गावाचे नाव झाले ते साखरेमुळे. त्याला तीन गोष्टी कारण झाल्या. पहिली हा लोहमार्ग. हैदराबाद मनमाडला जोडणाऱ्या या मार्गाने गोदाखोऱ्याला मुंबईची वाट उघडून दिली. दुसरी गोष्ट पाण्याची. 1923 ते 1931 या काळात मांजरा नदीवर निजामसागर धरण झाले आणि त्याच्या कालव्याने हा मुलूख ओलिताखाली आणला. अली नवाज जंग हे त्याचे अभियंते. तिसरी गोष्ट भांडवलाची. ब्रिटिश हिंदुस्थानात 1932 च्या कायद्याने साखरधंद्याला संरक्षण मिळाले आणि ठिकठिकाणी कारखाने उभे राहू लागले. हैदराबाद संस्थानही मागे राहिले नाही. सरकारी पाठबळावर 1937 मध्ये बोधनला निजाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. आशियातील मोठ्या कारखान्यांत तिची गणना होई. तिच्याभोवती जी वसाहत वसली, तिचे नावच शक्करनगर पडले.

1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. नकाशावर रेघ पडली. पण नद्या त्याच राहिल्या, आणि आठवड्याचे बाजार व सोयरिकी रेघेच्या दोन्ही अंगांना चालूच राहिल्या.

उसाचे गणित मात्र हळूहळू बिघडत गेले. निजामसागरात गाळ साचून साठवण घटली. पुढे वरच्या अंगास, सिंगूर येथे, हैदराबादच्या पिण्याच्या पाण्यासाठी दुसरे धरण झाले. ऊस हे तहानलेले पीक. पाण्याची शाश्वती सरली की शेतकरी दुसऱ्या पिकाकडे वळतो. 2002 मध्ये कारखान्याची सूत्रे खासगी भागीदाराकडे गेली आणि डिसेंबर 2015 मध्ये काम थांबले. नव्या तेलंगण राज्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. 2024 मध्ये कारखाना पुन्हा सुरू करण्याचा विचार करण्यासाठी शासनाने समिती नेमली.

मराठी माणसाने हे का पाहावे? बोधनला कारखाना सरकारचा होता. शेतकरी त्याला ऊस घालीत, पण त्याचे धनी नव्हते. याउलट प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 च्या सुमारास जो कारखाना उभा राहिला, त्यात ऊस घालणाराच भागधारक झाला. फरक मोलाचा खरा. पण त्याचा अभिमान बाळगण्यापूर्वी थोडे थांबावे. महाराष्ट्रातही कित्येक सहकारी कारखान्यांची धुराडी आज थंड आहेत. मालकी कोणाची, हा प्रश्न थोर आहे. परंतु पाणी किती, आणि ते कोणत्या पिकाला द्यावयाचे, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. त्याचे उत्तर चुकले तर सरकारी, खासगी आणि सहकारी हे तिन्ही मार्ग एकाच बंद दरवाजापाशी येऊन थांबतात.

त्या दरवाजाआड केवळ यंत्रेच बंद होत नाहीत. ज्या वसाहतीत नोकरी बापाकडून मुलाकडे यायची, तिथल्या मुलांना दूरच्या शहराची वाट धरावी लागते. उसाच्या गाड्यांवर ज्यांचे पोट होते, त्या गाडीवानांचा व किरकोळ दुकानदारांचा हिशेब तर कोणत्याही ताळेबंदात नसतो.

बासरला मुलाला पहिले अक्षर गिरवायला लावणाऱ्या आईबापांनी परतीचे तिकीट एक दिवस उशिराचे काढावे आणि थोड्या मोठ्या मुलांना शक्करनगर दाखवावे. अक्षरओळखीनंतरचा तो दुसरा धडा ठरेल.