पिकअप, कर्णे आणि वादक

गणेशोत्सव जवळ आला की मंडळाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. विसर्जनाला टेम्पो कोणाचा आणायचा, स्पीकर किती लावायचे, जनरेटर कुठे बसवायचा? मिरवणुकीतले संगीत गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात दोन मित्रांनी १९५० साली सोडवला. त्यांच्या त्या खटपटीची आणि तिच्या पुढच्या परिणामांची ही हकीकत.

साल्वादोर हे नाव गोव्याला अगदीच परके नाही. १५४९ ते १७६३ या काळात ते पोर्तुगीज ब्राझीलच्या राजधानीचे शहर होते आणि गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजे तेथे थांबत. आपल्या डोंगरांवरचा काजूही पोर्तुगिजांनी ब्राझीलमधूनच आणला. तेथील कार्निव्हल मोठा. मात्र १९५० पर्यंत शहराच्या मुख्य रस्त्यावर मान होता तो श्रीमंतांच्या सजवलेल्या मोटारींना. सामान्य माणूस कडेला उभा राहून बघणारा.

दोदो हा रेडिओ आणि विजेच्या कामातला कारागीर, तर ओस्मारचा धातुकामाचा कारखाना. दोघेही तंतुवाद्ये वाजवीत. मायक्रोफोन लावून गिटार वाजवली की कर्ण्यातला आवाज गिटारच्या पोकळ पेटीत शिरे, पेटी थरथरे, तो आवाज पुन्हा कर्ण्यात जाई आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होई. आपल्या मंडपातही माईक स्पीकरसमोर आला की हेच होते. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांनी त्यावर सोपा उपाय काढला. पेटीच काढून टाकली आणि भरीव लाकडी दांड्यावर तारा ताणून त्यांखाली तारांची थरथर विजेत बदलणारे साधन बसवले. या वाद्याला त्यांनी ‘विजेचा दांडा’ अशा अर्थाचे नाव दिले.

१९५० च्या कार्निव्हलआधी रेसिफे शहरातले वासोरिन्यास हे प्रसिद्ध वादकपथक साल्वादोरच्या रस्त्यावर वाजवून गेले. त्याच्या द्रुत लयीच्या फ्रेव्हो संगीताने लोक वेडावले. हेच संगीत आपण विजेवर वाजवायचे, असे दोघांनी ठरवले. ओस्मारची १९२९ ची जुनी फोर्ड रंगवून तिच्यावर कर्णे चढवले, वीज गाडीच्या बॅटरीतून घेतली, आणि कार्निव्हलच्या रविवारी दोघे वाजवत निघाले. लोक कडेवरून रस्त्यात उतरले आणि नाचत गाडीमागे चालू लागले.

पुढच्या वर्षी जुन्या फोर्डच्या जागी फार्गो पिकअप आली. मागचा हौदा मोकळा असल्याने त्यात साहित्य आणि वादक दोन्ही मावले. तेमिस्तोक्लेस आरागांव हा तिसरा वादक सामील झाला आणि गाडीच्या बाजूवर ‘त्रिओ एलेत्रिको’, म्हणजे ‘विजेवरचे त्रिकूट’, असे लिहिले गेले. पुढे हे नाव वादकांवरून गाडीलाच चिकटले. आज साल्वादोरमध्ये माणसे कितीही असोत, अशा प्रत्येक गाडीला हेच नाव आहे.

त्या काळच्या कर्ण्याचे तंत्र समजण्यासारखे आहे. निमुळत्या तोंडापासून रुंद होत जाणारा कर्णा कमी विजेत आवाज दूर फेकतो, मात्र खर्जाचे सूर त्याला पेलत नाहीत. चढ्या सुरांच्या तंतुवाद्यांना तो पुरला. पुढे ढोल आणि खर्जही गाडीवर हवा झाला. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. मग बॅटरीच्या जागी जनरेटर, पिकअपच्या जागी मालट्रक, असे होत होत गाड्या दुमजली उंचीच्या झाल्या. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांवर केवळ वादन होते. नंतर मोराइस मोरेइरा याच्यापासून गायकही वर चढले.

यात एक खंतही आहे. पुढे अनेक पथकांनी गाडीभोवती दोर धरले. विकत घेतलेला सदरा अंगात असेल त्यालाच दोराच्या आत प्रवेश. बाहेर उसळणाऱ्या गर्दीला तेथे ‘पॉपकॉर्न’ म्हणतात आणि दोर धरून चालतात ती मजुरीवर आणलेली माणसे. कडेच्या माणसाला रस्त्यात आणणाऱ्या गाडीनेच त्याला पुन्हा कडेला ढकलले. दोराविना गाड्या काढाव्यात अशी मागणी तेथेही झाली आणि तशा गाड्या निघूही लागल्या.

आपल्याकडे वेगळीच गोष्ट घडली. टेम्पोवर स्पीकर चढले आणि वादक खाली उतरले. दोदो आणि ओस्मार यांनी आपले वादन ऐकू जावे म्हणून कर्णे लावले होते. आपल्या अनेक मिरवणुकांत आता रेकॉर्डच वाजते. घुमट, शामेळ आणि कासाळे घरच्या आरतीपुरती उरतात. कायद्याची बाजूही आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. स्पीकरच्या भिंतीला ही मर्यादा पाळणे अवघड.

तेव्हा यंदाच्या बैठकीत स्पीकर किती हे ठरवण्याआधी वाजवणार कोण हे ठरवूया. एका पिकअपच्या हौद्यात चार घुमटे, एक शामेळ, कासाळे, दोन माईक आणि दोन बेताचे स्पीकर सहज मावतील. मंडळातल्या मुलांना वाजवायला शिकवायला अजून वेळ आहे आणि शिकवणारी जाणती माणसे आपल्यातच आहेत.

गणपती बाप्पा मोरया!