चौथा गट : बार्शी-उस्मानाबादचा एक विसरलेला इतिहास

आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्यांतून गाव विचारत गेलो, तर बार्शी, उस्मानाबाद, लातूर, बीड ही नावं वारंवार ऐकू येतात. कंपनीत काम मिळेल म्हणून ही कुटुंबं इकडे आली, हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्या गावाकडच्या बायकांकडून जगाचं वैद्यक काय शिकलं, हे मात्र फारसं माहीत नाही. आज त्याबद्दल बोलू.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर पेशी बदलू लागतात, आणि पुढे बहुधा 10-15 वर्षं जातात. म्हणजे पकडायला वेळ असतो. पापानिकोलाउ आणि ट्राउट यांचं पुस्तक 1943 मध्ये आलं आणि पॅप स्मिअर पुढे जगभर पसरली. चिरफाड नाही, सुई नाही; पेशी अलगद खरवडून काचेवर घ्यायच्या. पण ती काच वाचायला तयार डोळा हवा, प्रयोगशाळा हवी, आणि दोष निघालेल्या बाईला परत बोलावता आलं पाहिजे. आपल्याकडे नेमकं हेच नव्हतं.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयात 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने ही त्यातली मोठी नावं. कार्यकर्ते गावोगाव जात, अंगावरून जाण्याबद्दल, अवेळी रक्त जाण्याबद्दल मोकळेपणाने बोलत. नुसत्या या बोलण्यानेसुद्धा बायका आजाराच्या अलीकडच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. दुखणं अंगावर काढायची सवय बोलण्याने थोडी तरी सुटते, हे तेव्हा दिसलं.

मग आली सिरक्याची तपासणी. पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं, उजेडात बघायचं. बदललेली जागा पांढरी दिसते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने 1998 पासून, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी ती करवली. या आजाराचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले, हे 2013 मध्ये जाहीर झालं.

उस्मानाबादेत 1999 मध्ये आणखी एक तुलना सुरू झाली. 52 गावसमूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका, चार गट. एका गटाला एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला सिरका. चौथ्या गटातल्या 31,488 बायकांना तपासणी कुठे करून मिळेल ते सांगितलं, आणि नेहमीचे उपचार चालू ठेवले. 2009 मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही गटात 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि सिरका यांचा तेवढा फरक दिसला नाही.

आता या 64 जणींबद्दल काय म्हणायचं? एरिक सुबा या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने मुंबई-उस्मानाबादच्या प्रयोगांवर जाहीर आक्षेप घेतला: तपासणीने जीव वाचतो हे दशकानुदशकं माहीत असताना एका गटाला ती न देता बघत का राहायचं? संशोधकांची बाजू अशी की त्या भागात नाहीतरी तपासणी होतच नव्हती, आणि गरीब देशात कोणती पद्धत चालते हे तुलनेशिवाय कळलं नसतं. यातला दुसरा मुद्दा आम्हाला वजनदार वाटतो. सिरका आणि एचपीव्ही यांतला फरक खरंच माहीत नव्हता. पण तीन पद्धती आपसांत ताडून बघता आल्या असत्या की! पहिला मुद्दा तर आम्हाला पटतच नाही. ‘नाहीतरी काही नव्हतंच’ म्हणणं म्हणजे सरकारने जे दिलं नाही त्यालाच माप मानणं. (यासाठी कांटपर्यंत जायची गरज नाही, गावची म्हातारीही हे सांगेल.)

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या शिफारशींत एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल असं म्हटलं. उस्मानाबादचा निकाल जगाच्या कामी आला. आपल्या केंद्र सरकारने 2016 मध्ये 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी सिरक्याने तपासणी करायचं ठरवलं. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी कधीतरी तपासणी झालेल्या देशभरात दोन टक्केही नव्हत्या.

म्हणजे ज्यांना चौथा गट म्हटलं गेलं, त्यांच्या लेकी-सुना आज चाकणच्या पॅकिंग लाइनवर ठेकेदाराकडे उभ्या असतील, तर त्याही बहुतेक चौथ्या गटातच आहेत. तपासणी मिनिटांची; पण तिच्यासाठी अर्धा दिवस गेला की हजेरी कापली जाते. नमुना घेण्याची ती छोटी काडी शिफ्ट सुटताना गेटवर, आरोग्यसेविकेच्या हातून मिळायला काय अडचण आहे, हे इथे बसलेल्या कंपन्यांच्या मंडळींनी आम्हाला सांगावं.