कोरड्या मुलखातील सहल

सहल हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरची झाडी नाही तर कोकणचा किनारा उभा राहतो. जेऊरच्या माणसापुढे काय उभे राहावे? सह्याद्रीने अडवून धरल्यावर जो पाऊस उरेल तो आपल्या वाट्याचा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही आपल्या लहरीने. हे वाळवंट नव्हे. पण वाळवंटाची आठवण करून देणारा उन्हाळा येथे दरसाल येतो. अशा मुलखात माणसे बायकामुलांसह घराबाहेर पडत ती कशासाठी, जात ती कोठे, आणि जाण्याची मुभा कोणाला होती, एवढाच आमचा आजचा विषय आहे. तो वरवर हलका वाटेल. परंतु समाज आपला रिकामा वेळ कसा घालवतो, यावरून त्याची जेवढी पारख होते तेवढी त्याच्या कामावरून होत नाही.

मौजेसाठी बाहेर पडावयाचे ही कल्पना आपल्या आजी-पणजीला ठाऊक नव्हती. देवाचे निमित्त लागे. आता ही देवस्थाने कोठे आहेत ते पाहा. सोलापूरचे सिद्धेश्वर तळ्यात आहेत; ते तळे बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून खोदविले, अशी परंपरा आहे. त्यांची यात्रा संक्रांतीला भरते आणि गड्ड्यावर पाळणे फिरू लागतात. करमाळ्याचे कमलादेवीचे मंदिर रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधविले. त्याच्याजवळची बारव शहाण्णव पायऱ्यांची म्हणून ओळखली जाते. बारवेची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. पाणी जसजसे खाली जाईल तसतशी माणसे एकेक पायरी खाली उतरतात. म्हणजे पाणी आटले तरी वाट तुटत नाही. शिवाय जमिनीच्या पोटातले दगडी बांधकाम बाहेर लाही होत असतानाही गार राहते. पाणी भरण्यासाठी आलेली बाई तेथे घटकाभर टेकली तर तिला कोणी विचारीत नसे. कोरड्या मुलखातली पहिली सार्वजनिक बाग ती ही.

पुढे आगगाडी आली. १८६० साली पुण्याकडील लोहमार्ग सोलापूरला पोहोचला आणि त्या वाटेवरचे जेऊर हे करमाळ्याच्या माणसांचे स्टेशन झाले. १८९७ मध्ये बार्शीची छोटी गाडी सुरू झाली व १९०६ मध्ये ती पंढरपूरपर्यंत गेली. बैलगाडीचा कित्येक दिवसांचा प्रवास काही तासांवर आला, आणि म्हातारीकोतारी, पोरेबाळे यांनाही वारीची वाट मोकळी झाली. सोलापूरजवळचा एकरुखचा तलाव १८७१ साली पुरा झाला. तो खोदला शेतीसाठी. पण पाणी दिसताच लोक काठाशी जाऊन बसणारच.

तथापि या मुलखात सहकुटुंब उघड्यावर दिवस काढण्याचा दुसराही एक इतिहास आहे, आणि तो सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा १९७२ च्या दुष्काळात घरेच्या घरे खडी फोडावयास, माती वाहावयास बाहेर पडली. बाप सुतकीने दगड फोडी, आई पाटी उचली आणि तान्हे मूल झाडाच्या सावलीत झोळीत असे. आपण ज्या रस्त्याने आज मुलांना फिरावयास नेतो आणि ज्या पाझर तलावावर पक्षी दाखवितो, त्यांतले कितीतरी काम अशा हातांनी झालेले आहे. मुलांना पक्षी दाखविताना तेही सांगावे.

चांगल्या सालाची सहल मात्र कष्टाला जोडूनच येते आणि म्हणून गोड लागते. जिल्ह्याच्या पूर्व भागात मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला गावे ओस पडतात. सारे घर शेतात जेवते. आपल्याकडे शाळू निसवून दाणा दुधात आला की हुरड्याचे दिवस येतात. गोवऱ्यांची आगटी, तीत भाजलेली कणसे, हातावर चोळून पाखडलेला गरम दाणा, लसणाची चटणी आणि गूळ! पाहुण्याला बोलावून जेवू घालण्याची ही रीत पैशाने विकत घेता येत नसे. अलीकडे माणशी दर लावून हुरडा खाऊ घालतात. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर आम्ही नाक मुरडणार नाही. मात्र शेजाऱ्याला फुकट बोलावण्याची रीतही राहावी.

आता प्रश्न उरतो तो 'सहकुटुंब' या शब्दाचा. कोणाचे कुटुंब? याच जिल्ह्यात, पंढरपुरात, विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून उपोषण करावे लागले. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या वारीत चालणाऱ्या कुटुंबांची यात्रा पायरीशीच संपत असे. आणि दार उघडले म्हणून सारे मिटले असेही नाही. जेऊरचेच सुपुत्र नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा 'फँड्री' ज्यांनी पाहिला असेल, त्यांना जत्रेतला तो मुलगा आठवेल. तो मिरवणुकीत नाचू लागतो आणि त्याच्या माथ्यावर दिवा दिला जातो. इतरांची जत्रा उजळावी म्हणून त्याने आपले नाचणे थांबवावयाचे! ज्या गावात एका पोराला असा दिवा धरावा लागतो, त्या गावची जत्रा पुरी भरली असे आम्ही मानीत नाही.

शेवटी उजनी. १९८० साली धरण पुरे झाले, भीमेचे पात्र फुगले आणि करमाळा, इंदापूर, माढा या तालुक्यांतली गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, वाड्यांच्या भिंती दिसू लागतात, आणि विस्थापितांची नातवंडे आजोबांचे घर कोठे होते ते शोधीत गाळातून हिंडतात. हिवाळ्यात त्याच फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. ते पाहावयास पुण्यामुंबईची कुटुंबे येतात. ज्या मुलखाला पाणी ठाऊक नव्हते त्याच्या दाराशी असा समुद्र आला. पण पाण्याशी वागण्याची रीत त्याच्याबरोबर आली नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळी वाऱ्याने एक नाव उलटली आणि सहा माणसे गेली. त्यांत दोन चिमुकली मुले होती. ती माणसे मौजेला निघाली नव्हती. पलीकडे जावयाचे तर रस्त्याने मोठा वळसा पडतो. नाव हीच त्यांची वाट होती.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. नावेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात, मुलांच्याही, तरंगते जाकीट असावे. वळवाचे ढग उठले की नाव काठालाच राहावी, घाई कितीही असो. काठावर चार झाडे, बायकांसाठी आडोसा आणि पिण्याच्या पाण्याचा एक नळ असावा. आपल्या पूर्वजांनी बारव बांधली तेव्हा पाणी खाली गेले तरी माणसाचा पाय घसरू नये म्हणून पायऱ्या बांधल्या. आपल्याला त्यांच्याहून कितीतरी पट मोठे पाणी मिळाले आहे. त्याला पायऱ्या बांधणे अजून राहिलेले आहे.